सिद्धार्थ गौतमांनी घर का सोडले? कुड्याच्या लेण्यांत सुचलेला प्रश्न

खाजणकाठ

गेल्या रविवारी नववीतल्या भाचीला घेऊन मांदाडजवळच्या कुड्याच्या लेण्यांवर गेलो होतो. राजपुरीच्या खाडीकडे तोंड केलेली ही २६ लेणी सातवाहन काळापासूनची आहेत. गर्दी नसते आणि ओसरीत बसले की खालची खाडी दिसते, म्हणून मला ती आवडतात. चैत्यगृहाच्या भिंतींवर पुढच्या काळात कोरलेल्या बुद्धमूर्ती पाहताना मी तिला नेहमीची गोष्ट सांगितली. राजपुत्र सिद्धार्थ रथातून बाहेर पडला, त्याला म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी असे चौघे दिसले, आणि त्याच रात्री त्याने घर सोडले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मामा, तो तेव्हा २९ वर्षांचा होता ना? मग त्याचे बाबा किती वर्षांचे होते? घरातच म्हातारा माणूस होता की!"

माझ्याकडे उत्तर नव्हते. घरी आल्यावर पुस्तके काढली, आणि जे सापडले ते येथे मांडतो आहे.

चार दृश्यांची ही कथा पाली सुत्तांमध्ये, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहांत, गौतमांच्या नावावर नाहीच. दीघनिकायातील महापदानसुत्तात ती आहे, पण तेथे ती विपस्सी नावाच्या फार पूर्वीच्या बुद्धांची म्हणून सांगितली आहे. गौतमांच्या चरित्रात ती पुढे आली. स्वतः बुद्ध आपल्या गृहत्यागाविषयी बोलतात ते मज्झिमनिकायातील अरियपरियेसनसुत्तात, आणि ते वर्णन अगदी साधे आहे: मी तरुण होतो, केस काळेभोर होते, आईवडिलांची इच्छा नव्हती, त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, तरीही मी केस-दाढी उतरवली, काषाय वस्त्रे नेसलो आणि घराबाहेर पडलो. मध्यरात्र नाही, कंथक घोडा नाही, झोपलेली यशोधराही नाही.

सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्तात मात्र एक कारण सापडते. आपल्याला संवेग कसा झाला, म्हणजे मन कसे हादरले, हे सांगताना बुद्ध म्हणतात: "फन्दमानं पजं दिस्वा मच्छे अप्पोदके यथा, अञ्ञमञ्ञेहि ब्यारुद्धे दिस्वा मं भयमाविसि." म्हणजे, अपुऱ्या पाण्यात मासे तडफडावेत तशी तडफडणारी आणि एकमेकांच्या विरोधात उभी ठाकलेली प्रजा पाहून माझ्या मनात भय शिरले.

हे वाचले आणि आमच्या खाजणाची, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीची, उघाडी (पाणी आत-बाहेर सोडण्याचे दार) डोळ्यांपुढे आली. उधाणाच्या भरतीला बोयी नावाच्या मासळ्या आत शिरतात. उघाडीची फळी नीट बसली नाही तर ओहोटीबरोबर पाणी निघून जाते आणि चाळीस-पन्नास बोयी वीतभर पाण्याच्या डबक्यात अडकतात. आधी त्या गोल गोल फिरतात. पाणी आणखी कमी झाले की एकमेकींच्या अंगावरून उसळ्या मारू लागतात. उसळी मारणारी मासळी खालचीला चिखलात दाबते आणि उरलेले पाणी गढूळ करते. पाणी कोणत्याच बोयीने पळवलेले नसते, पण झगडा मात्र शेजारणीशी चालतो. ज्याने ही उपमा दिली त्याने असे डबके कधीतरी उभे राहून पाहिले असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

या गाथेकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधले ते पालीचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींनी. ते आपल्याच किनारपट्टीतले. १८७६ साली गोव्यातील सांखवाळ येथे त्यांचा जन्म झाला, आणि पुढे पालीसाठी ते थेट सिंहलद्वीपापर्यंत, म्हणजे श्रीलंकेपर्यंत, गेले. त्यांचे म्हणणे असे की गृहत्यागामागे शाक्य, म्हणजे सिद्धार्थांचे स्वतःचे लोक, आणि शेजारचे कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा असावा. जाणकारांनी यावर लिहावे.

पिंपळपान

लेख आवडला, परंतु एका ठिकाणी सावध राहायला हवे. अत्तदंडसुत्तात रोहिणीचे नाव नाही. रोहिणीच्या पाण्याचा तंटा येतो तो अट्ठकथांमध्ये, म्हणजे बऱ्याच नंतरच्या टीकांत. आणि तेथेही तो गृहत्यागापूर्वीचा नसून, बुद्ध झाल्यावर त्यांनी दोन्ही बाजूंच्या मध्ये उभे राहून मिटवलेला आहे. पाण्याचे मोल जास्त की क्षत्रियांच्या रक्ताचे, असा प्रश्न त्यांनी तेव्हा विचारला, अशी ती कथा. कोसंबींनी गाथा आणि तंटा यांची सांगड घातली. ती मला पटण्याजोगी वाटते, पण तो तर्क आहे.

ज्या काळात हे घडले त्या काळाकडेही पाहावे. जन्माचे परंपरेने सांगितलेले वर्ष इ. स. पू. ५६३ असले, तरी अनेक आधुनिक अभ्यासक बुद्धांचा काळ त्याहून शंभरएक वर्षे अलीकडे आणतात. दोन्ही हिशेबांत चित्र तेच राहते. गंगेच्या खोऱ्यात लोखंडाच्या अवजारांनी जंगल हटत होते, श्रावस्ती, राजगृह, कौशांबी अशी नगरे वाढत होती, नाणी चालू झाली होती, आणि मगध-कोसलासारखी राज्ये लहान गणसंघांना, म्हणजे कुळप्रमुखांनी मिळून चालवलेल्या राज्यांना, गिळत होती. शाक्य हा असाच एक गणसंघ. सिद्धार्थांचे वडील शुद्धोदन हे चक्रवर्ती सम्राट वगैरे नव्हते. शाक्यांच्या कुळप्रमुखांपैकी एक होते. शाक्यांचा नाश कोसलाच्या विडूडभाने केला, हेही परंपरा सांगते. आपले पाणी आटत चालले आहे, ही जाणीव त्या मंडळींना असणारच.

अशा उलथापालथीत घर सोडून उत्तरे शोधणारे गौतम एकटेच नव्हते. महावीर होते, आजीवक पंथाचे मक्खली गोसाल होते, देहापलीकडे काहीच उरत नाही असे सांगणारे अजित केसकंबली होते. या साऱ्या श्रमणांनी, म्हणजे घर सोडून हिंडणाऱ्या तपस्व्यांनी, यज्ञाचे आणि जन्माने मिळणाऱ्या श्रेष्ठत्वाचे प्रामाण्य नाकारले. गौतम आधी आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे ध्यान शिकले, मग सुमारे सहा वर्षे देहदंडन करून पोट पाठीला लागेपर्यंत उपाशी राहिले, आणि यातून काही हाती लागत नाही हे उमगल्यावर त्यांनी ते सोडून दिले. मला त्या चरित्रातील हाच भाग सर्वांत मोठा वाटतो. सहा वर्षे घालवलेली वाट चुकीची होती हे सोबतच्या पाच जणांसमोर कबूल करून भात खायला बसणे सोपे नाही, आणि ते पाच जण तेव्हा त्यांना सोडून गेलेही. बोधीनंतरचा पहिला उपदेश सारनाथला झाला, तो याच पाच जणांना.

मंडणगडकरीण

आमच्या घरी हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला, म्हणून लिहिते. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आमच्याच तालुक्यात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वाडीतही आजोबांच्या पिढीने देव्हारे उतरवले. आजीला अक्षरओळख नव्हती, पण त्रिशरण आणि पंचशील तिला पाठ होते. "वेरमणी सिक्खापदं" म्हणताना ती "वेरमणी"वर थोडी थांबायची. त्या शब्दाचा अर्थ मी पुष्कळ उशिरा शिकले: वेरमणी म्हणजे दूर राहणे, आणि सिक्खापद म्हणजे शिकण्याचे पाऊल. म्हणजे पंचशील ही कोणी वरून दिलेली आज्ञा नाही. जीवहिंसा, चोरी, व्यभिचार, खोटे बोलणे आणि नशापाणी यांपासून दूर राहण्याचे शिक्षण मी घेतो, असे म्हणणारा स्वतःच स्वतःला सांगतो. अंगणात चार बायका बसलेल्या, समोर मेणबत्ती आणि बुद्धांची तसबीर, आणि आजी सगळ्यांच्या अर्धा शब्द पुढे, हे दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे.

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत जे चार प्रश्न आहेत, त्यांपैकी पहिला हाच आहे, की बुद्धांनी परिव्रज्या का घेतली, म्हणजे घर का सोडले. चार दृश्यांचे उत्तर त्यांना बुद्धीला न पटणारे वाटले. त्यांच्या ग्रंथात सिद्धार्थ शाक्य संघात युद्धाच्या ठरावाला विरोध करतात, बहुमत विरोधात जाते, आणि ते देशत्याग पत्करतात. तुमच्या भाचीने विचारले ते त्यांनीही विचारले होते, हे तिला अवश्य सांगा.

नाखवा

मी पोथी-पुराणातला माणूस नाही; तीन पिढ्या मासेमारीत गेल्या आहेत. पण एक गोष्ट खटकली ती स्पष्ट विचारतो. गाथेतले मासे पाहून बुद्धांना भय वाटले, हे ठीक. मग ते मासे टोपलीत भरणाऱ्याचे काय? पहिलेच शील जीवहिंसेचे. म्हणजे आख्ख्या किनाऱ्याला हा धर्म बंद आहे का? आणि मंडणगडकरीण, राग मानू नका, पण तुमच्या वाडीत बुधवारी मासळी शिजत नव्हती का?

मंडणगडकरीण

राग कसला, शिजत होती, आणि आजीच्या हातच्या बांगड्याच्या तिखल्याला तोड नव्हती. उत्तर पालीच्या अभ्यासकांनी द्यावे.

पालीवाचक

नाखवा, तुमचा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही, म्हणून गोड करून सांगत नाही.

खाणे आणि मारणे यांत विनयाने, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथाने, फरक केला आहे. भिक्षू भिक्षेवर जगतो, पात्रात पडेल ते खातो. मासा किंवा मांस आपल्यासाठी मारल्याचे त्याने पाहिले नसेल, ऐकले नसेल आणि तशी शंकाही त्याला नसेल, तर ते ग्राह्य. यालाच तीन बाजूंनी शुद्ध असणे म्हटले आहे. संघातील देवदत्त या भिक्षूने भिक्षूंना मासे-मांस पूर्णपणे बंद करा अशी मागणी केली, तेव्हा बुद्धांनी ती सक्ती नाकारली. पुढे महायानाच्या काही सूत्रांनी मांसाहार निषिद्ध ठरवला, हा निराळा प्रवाह.

मारण्याच्या बाबतीत मात्र सूट नाही. अंगुत्तरनिकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. त्याच ग्रंथात कोळ्याच्या धंद्याविषयी कठोर शब्दही आहेत. ते नाहीत असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पण धर्म बंद आहे का, याचे उत्तर "नाही" असेच आहे. श्रावस्तीजवळच्या कोळीवस्तीत जन्मलेले यसोज हे थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, झाले असे परंपरा सांगते, आणि उदान या ग्रंथात त्यांची कथा आहे. शिवाय बुद्धांच्या शिकवणीत कर्म म्हणजे मुख्यतः चेतना, म्हणजे हेतू. त्यामुळे पोटासाठी जाळे टाकणे आणि मजेसाठी जीव घेणे एका मापाने मोजले जात नाही. मंडणगडकरणींनी "शिकण्याचे पाऊल" हा जो अर्थ दिला, तोच येथे लागू पडतो. कोण कुठल्या पावलावर उभा आहे हे ज्याचे त्याने पाहायचे असते.

प्रश्नचिन्ह

माझी शंका त्याहून मुळातली आहे. "सर्वं दुःखम्" म्हणणारा धर्म हा निराशेचा धर्म नव्हे काय? आंब्याच्या दिवसांत, संध्याकाळी पडवीत बसलेल्या माणसाला तू दुःखी आहेस असे सांगण्यात काय अर्थ आहे?

पालीवाचक

"दुःख" हा शब्द आपण मराठीतला धरतो, आणि तेथेच घोटाळा होतो. पहिल्या उपदेशातच त्याची फोड आहे. जन्म, जरा, मरण ही तर आहेतच; पुढे म्हटले आहे की नावडत्याचा संयोग दुःख, आवडत्याचा वियोग दुःख, आणि इच्छिलेले न मिळणे हेही दुःख. तुमच्या पडवीतील माणसाच्या हातात आंबा आहे, पण मे संपत आला आहे आणि पहिल्या पावसाने उरलेला आंबा जाईल हे त्याला ठाऊक आहे. चव गोडच आहे, ती नाकारलेली नाही. जे टिकणार नाही त्याला धरून ठेवण्याची ओढ आहे, तिच्यात दुःखाचे मूळ आहे. या ओढीला तण्हा, म्हणजे तहान, म्हटले आहे.

चार आर्यसत्ये आपण शाळेत चार वाक्ये म्हणून पाठ करतो: दुःख आहे, त्याला कारण आहे, त्याचा निरोध होतो, निरोधाचा मार्ग आहे. मूळ सुत्तात मात्र प्रत्येक सत्यापुढे एक काम नेमून दिले आहे. दुःख पूर्णपणे जाणून घ्यायचे, तण्हा सोडायची, निरोध स्वतः अनुभवायचा आणि मार्ग चालून वाढवायचा. नुसते "मानायचे" असे त्यांत एकही नाही. निराशावादी माणूस पहिल्या सत्यापाशी थांबला असता.

मार्गाची आठ अंगे येथे मोजत बसत नाही. दृष्टी आणि संकल्प म्हणजे समज, वाचा-कर्म-उपजीविका म्हणजे वागणूक, आणि प्रयत्न-स्मृती-समाधी म्हणजे मनाची मशागत, एवढे लक्षात राहिले तरी पुरे. नाखव्यांचा प्रश्न "सम्यक् आजीविका" या अंगात येतो, हे ओघाने सांगतो.

प्रश्नचिन्ह

आभारी आहे. आणखी एक विचारतो. आत्मा नाही म्हणता, मग पुनर्जन्म कोणाचा?

पालीवाचक

हाच प्रश्न ग्रीक राजा मिलिंदाने भिक्षू नागसेनांना विचारला होता. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत एकच का, असे नागसेनांनी उलट विचारले. तीच नाही आणि दुसरीही नाही. एकीच्या आधाराने दुसरी आहे. "हे असले की ते होते" हा प्रतीत्यसमुत्पादाचा नियम आहे. याने समाधान झाले नाही तर तुम्ही एकटे नाही. यावर पुढे अनेक शतके वाद झाले, आणि बाबासाहेबांच्या चार प्रश्नांतही हा एक आहे.

सुरंगी

सगळी चर्चा गंगेच्या काठी चालली आहे. आपल्या किनाऱ्याचे थोडे सांगते, कारण पाली वाङ्मयात आपण अगदीच अनोळखी नाही.

सोपारा (आजचे नालासोपारा), म्हणजे पालीतले सुप्पारक. उदानात बाहिय दारुचीरिय नावाच्या माणसाची कथा आहे. तो सुप्पारकला समुद्राच्या काठी राहत असे, झाडाची साल नेसत असे, आणि लोक त्याला अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेला, मानून पूजत असत. अट्ठकथा सांगते की तो मुळात व्यापारी. गलबत फुटले, कपडे गेले, म्हणून साल गुंडाळली, आणि लोक साधू म्हणून पाया पडू लागले. आपण खरोखर अर्हत आहोत का, ही शंका त्याला छळू लागली. अर्हत नाहीसच, आणि त्याची वाटही तुला ठाऊक नाही, असे कळल्यावर तो सोपाऱ्याहून निघाला तो थेट श्रावस्तीला पोहोचला. बुद्ध भिक्षेसाठी रस्त्यात होते. ही वेळ नव्हे, असे त्यांनी दोनदा सांगितले. बाहिय म्हणाला, तुमच्या आयुष्याचा भरवसा नाही, माझ्याही नाही, आत्ताच सांगा. तेव्हा रस्त्यात उभे राहून बुद्ध म्हणाले: पाहिलेल्यात फक्त पाहिलेले असू दे, ऐकलेल्यात फक्त ऐकलेले, जाणलेल्यात फक्त जाणलेले. बाहिय तेवढ्याने मुक्त झाला, आणि थोड्याच वेळात एका वासरू असलेल्या गाईने त्याला मारले. सबंध धम्म तीन-चार वाक्यांत ज्याला मिळाला, तो माणूस कोकणातला होता.

दुसरा पूर्ण. संस्कृत अवदानात, म्हणजे बौद्ध कथाग्रंथात, तो शूर्पारकच्या (सोपाऱ्याच्या) व्यापाऱ्याचा दासीपुत्र. सहा सफरी करून आलेला हा माणूस सातव्या सफरीत श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांबरोबर गलबतावर होता, आणि पहाटे ते काही म्हणत असत. तो म्हणाला, गाणी छान आहेत. ते म्हणाले, ही गाणी नव्हेत, हे बुद्धवचन आहे. पाली सुत्तात हाच पुण्ण बुद्धांचा निरोप घेऊन सूनापरांतात निघतो. तेथले लोक रागीट आहेत, शिव्या दिल्या तर? हाताने मारत नाहीत हे त्यांचे चांगलेपण मानीन. हाताने मारले तर? ढेकळे मारत नाहीत हे चांगलेपण. असे करत करत प्रश्न जिवे मारण्यापर्यंत जातो, आणि पुण्णाचे उत्तर बदलत नाही.

प्रश्नचिन्ह

म्हणजे बुद्ध स्वतः सोपाऱ्याला आले होते, असे ऐकले आहे ते खरे तर!

सुरंगी

अवदानात ते चंदनाच्या प्रासादासाठी आकाशमार्गाने येतात. इतिहास म्हणून ते धरता येत नाही. बुद्धांची ४५ वर्षांची चारिका, म्हणजे उपदेशाची भ्रमंती, गंगेच्या खोऱ्यातच झाली. इतिहासाला सापडते ते अशोकापासून. सोपाऱ्याला त्याच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे मिळाले आहेत. पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत, मी संबोधीला (बोधगयेला) जाऊन धर्मयात्रा सुरू केली, असे सांगणारा लेख तो हाच आठवा. सिंहली परंपरेनुसार तिसऱ्या संगीतीनंतर (भिक्षूंच्या धर्मसभेनंतर) अपरांतात, म्हणजे आपल्याकडे, योनक धम्मरक्खित यांना पाठवले गेले. योनक म्हणजे यवन. कोकणात धम्म शिकवायला एक ग्रीक माणूस आला, हे वाचून मला दर वेळी हसू येते आणि बरेही वाटते. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप खणला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडक, भिक्षापात्राचे मानलेले तुकडे आणि आठ छोट्या बुद्धमूर्ती निघाल्या.

खाजणकाठ

एवढे प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. भाचीला सगळे वाचून दाखवले. तिला बाहिय आवडला, पण गाय आवडली नाही.

लेण्यांविषयी राहून गेलेले लिहितो. भिक्षूने फिरत राहावे, एका जागी रुजू नये, असा मूळ दंडक. मग एवढी लेणी कशाला? कारण पाऊस. विनयात म्हटले आहे की लोकांनीच तक्रार केली: हे श्रमण पावसातही हिंडतात, हिरवे गवत तुडवतात, बारीक जीव मारतात, पक्षीसुद्धा या दिवसांत घरटे धरून बसतात. तेव्हा वर्षाकाळात तीन महिने एका जागी राहण्याचा नियम झाला. तो गंगेकाठी झाला, पण भातलावणीच्या दिवसांत बांधावरून चालून पाहिलेल्या कोकणातल्या कोणालाही त्याचे कारण समजावून सांगावे लागणार नाही.

लेण्यांतील लेख वाचले तर "लेण" हाच शब्द तेथे आहे, आणि पाण्याच्या टाक्याला "पोढी". कान्हेरीला दात्यांच्या गावांत कल्याण, सोपारा आणि चेमूल, म्हणजे चौल, ही नावे येतात. कुड्याला तर माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. प्रत्येकाने आपले दान "देयधम", म्हणजे धर्मदान, म्हणून कोरून घेतले. राजांनी बांधलेली म्हणून आपण ही लेणी दाखवतो. पैसा बराचसा बाजारपेठेतला होता.

नाखवा

पालीवाचक, सरळ उत्तर दिलेत, ते आवडले. पटले की नाही ते अजून सांगता येत नाही. जून-जुलैची बंदी लागली की आमच्याही होड्या वर ओढलेल्या असतात, म्हणजे आमचाही वर्षावासच. तेव्हा पुण्णाचे सुत्त वाचीन, मराठीत कुठे मिळेल ते सांगा. खाजणकाठ, कुड्याच्या पोढीचे पाणी पावसात पिण्यासारखे असते का? आणि वर चढायला पायऱ्या आहेत की नुसती पायवाट?

खाजणकाठ

पायऱ्या आहेत, पण जुलैत त्यांवर शेवाळ धरते. काठी आणि पकड असलेली चप्पल हवी. टाकी भरलेली असतात. आम्ही मात्र गावातूनच पाणी भरून नेले होते.